भिंत झाकायच्या आधी लेकीचं रक्त तपासून घे

प्रिय डोंबिवलीकर ताई,

(ताई म्हणते खरी, पण वयानं तू माझ्या पुतणीएवढी असशील, त्यामुळे अगंतुगंच करते, राग मानू नकोस.)

तुझं पत्र चांगलं चार पानी आहे, सगळं इथे देत नाही, बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. डोंबिवली पूर्वेला जुन्या बिल्डिंगमधे भाड्याचा वन बीएचके, तू, नवरा, सासूबाई, दुसरीतला मुलगा आणि येत्या जानेवारीत तीनची होणारी मुलगी. दिवाळीचा बोनस हातात आलाय आणि त्यात हॉलला वॉलपेपर आणि ते मागून लाईट येणारं टीव्ही युनिट करायचंय, कारण नणंद पुण्याहून राहायला येणार आहे आणि मागच्या वेळी ती घराला बरंच काही बोलून गेली. दुसरा प्रश्न खाण्याचा. मुलगी "दुधावरच जगते", जेवत नाही, मुलगा मोबाईल समोर असल्याशिवाय घास उघडत नाही, त्याचा डबा अर्धा परत येतो, संध्याकाळी सासूबाई दोघांना दूध-बिस्कीट देतात आणि त्यावरून तुमची रोज धुसफूस. शेवटी विचारलंयस की घर पण छान दिसेल आणि मुलं पण नीट खातील असं काहीतरी रुटीन सांगा.

सांगते. पण तिसऱ्या पानावर तू एक ओळ अशी लिहून गेलीयेस की मी तिथे थांबले आणि परत वाचली. "हॉलच्या भिंतीचे पोपडे निघालेत आणि छोटी ते काढून तोंडात घालते, कितीही ओरडलं तरी ऐकत नाही, म्हणून पण वॉलपेपर लावून टाकावा म्हणतेय."

अगं, तुझे दोन प्रश्न नाहीचेत, एकच आहे, आणि तो या ओळीत आहे.

वर्षा-दीड वर्षाचं मूल जे दिसेल ते तोंडात घालतं त्याचं काही नाही, त्यांची ती तऱ्हाच असते. पण तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर आलेली पोरगी मुद्दाम भिंतीपाशी जाऊन, नखानं पोपडा सोलून, ओरडा खाऊनही परत परत खाते, याला खोड म्हणून सोडून द्यायचं नसतं. डॉक्टर लोक याला पायका म्हणतात, आणि आपल्याकडे तर हे पिढ्यानपिढ्या बघितलेलं आहे, पाटीवरची पेन्सिल खाणारी मुलं, माती खाणारी मुलं, दिवस गेले की भाजकी माती मागणाऱ्या बायका. अशा वेळी पहिली शंका घ्यायची ती अंगात लोह कमी आहे का याची. प्रत्येक वेळी तेच निघेल असं नाही, पण तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि तुझ्या पत्रात तर बाकीचा पुरावा पण तूच देऊन ठेवलायस. ती दिवसातून चार बाटल्या दूध पिते म्हणतेस, सकाळी उठल्यावर, दुपारी झोपताना, संध्याकाळी आणि रात्री झोपेत. बाटली 200 मिलीची धर, झाले 800 मिली. तुमच्याकडे फुल क्रीमची पिशवी येते, म्हणजे 100 मिलीला 85-90 कॅलरी, हिशोब केलास तर सातशेच्या आसपास जातो. या वयाच्या पोरीला दिवसभरात लागतात साधारण 1100 ते 1300. म्हणजे निम्म्याहून जास्त पोट नुसत्या दुधानं भरलं, आता ती वरण-भाताला तोंड का उघडेल? तिला भूकच नाहीये. तू म्हणतेस नखरे करते, मला नाही तसं वाटत, ती बिचारी जेवूनच येते तुझ्यासमोर.

दूध चांगलंच आहे, कॅल्शियम आहे, प्रोटीन आहे, सगळं आहे, फक्त लोह जवळजवळ नाही. वर दुधातलं कॅल्शियम बाकीच्या खाण्यातलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणून हे चक्र असं फिरतं की दूध जास्त म्हणून जेवण कमी, जेवण कमी म्हणून लोह कमी, लोह कमी झालं की भूक अजून मरते, मूल किरकिरं होतं, आणि मूल किरकिर करतं म्हणून आपण परत बाटली देतो. यात तुझी एकटीची काही चूक नाही, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 67 टक्के मुलं ॲनिमिक, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेली, निघाली होती. यात खात्यापित्या घरातली पण होतीच.

तर या आठवड्यातलं काम नंबर एक, बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि दुधाचं आणि पोपड्यांचं दोन्ही सांग, नुसतं "जेवत नाही" सांगू नकोस, कारण जेवत नाही हे त्यांना दिवसातून शंभर आया सांगतात आणि मग टॉनिक लिहून मिळतं. सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करून घे, त्यांना वाटलं तर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट, पण करतील. या वयात हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर ॲनिमिया धरतात. जंतांचं औषध कधी दिलं होतं ते आठवून ठेव. आणि बिल्डिंग किती जुनी आहे ते आवर्जून सांग, कारण तिथे अजून एक भानगड आहे, शिसं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर असू नये हा नियम लागू झाला 2017 च्या नोव्हेंबरपासून, त्याच्या आधीच्या रंगाचा भरवसा नाही. शिसं जास्त करून ऑइल पेंटमधे असायचं, म्हणजे दारं, खिडक्या, ग्रिल, भिंतीच्या डिस्टेंपरमधे त्यामानानं कमी, पण तुमच्या भिंतीवर कुठल्या काळात काय काय लावलंय ते घरमालकाला तरी माहिती असेल का. आणि ज्या मुलाच्या अंगात लोह कमी त्याचं शरीर शिसं जास्त ओढून घेतं. घाबरवत नाहीये, रक्तातलं शिसं मोजायची वेगळी टेस्ट असते, करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुझं काम त्यांना सांगण्याचं.

लोहाचं सिरप मनानं आणून सुरू करू नकोस. सरकारी आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिली आयर्न-फॉलिकचं सिरप फुकट मिळतं, ते सगळ्यांसाठीच असतं, पण कमतरता निघाली तर डोस वेगळा, वजनावर असतो आणि महिनोन्महिने द्यावा लागतो. दुधासोबत अजिबात द्यायचं नाही, लिंबूपाण्यासोबत चालतं. शी काळी होईल, घाबरू नकोस. आणि बाटली पार वरच्या फडताळात ठेव, गोड असतं म्हणून मुलं गटागटा पितात आणि लोहाचा ओव्हरडोस मुलांच्या जिवावर बेतू शकतो, यात अजिबात अतिशयोक्ती नाहीये.

आता वॉलपेपर. उत्तर आहे नको.

पोपडे निघतात म्हणजे भिंतीत ओल आहे. बाहेरून झिरपतंय, नाहीतर पलीकडे बाथरूम असेल तर पाईप गळतोय. त्यावर वॉलपेपर डकवलास की ओल आत कोंडते, दोन पावसाळ्यांत कागदामागे काळी बुरशी धरते, कडा सुटतात आणि तुझी पोरगी पोपड्याऐवजी कागद सोलायला लागते, त्यात डिंक. पैसे पण गेले आणि मुलं खोकत बसली. आधी घरमालकाला मेसेज टाक, फोटोसकट, तोंडी नको, की भिंतीला ओल आहे आणि लहान मूल पोपडे खातंय. ॲग्रीमेंटमधे दुरुस्तीचं काय लिहिलंय ते पण वाचून घे. बहुतेक ठिकाणी गळती ही मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी असते आणि रंग कोणी द्यायचा यावर घासाघीस होते. तू रंगाचा अर्धा खर्च उचलायची तयारी दाखवलीस तर काम लवकर होईल, आणि तोही तुझ्या टीव्ही युनिटपेक्षा स्वस्तच पडेल.

पाऊस संपून महिना-दीड महिना झालाय, भिंत वाळायला हेच दिवस बरे. गळती बंद झाली आणि भिंत पूर्ण सुकली की मग खरवडणं, पुट्टी, प्रायमर आणि वर धुता येईल असं इमल्शन, डिस्टेंपर परत लावू नकोस, त्यावरचा क्रेयॉन पुसायला गेलं की रंगच निघून येतो. खरवडायच्या दिवशी मुलांना घेऊन सासूबाईंना कोणाकडे तरी पाठव. कारागिराला सांग भिंतीवर पाणी मारून मग खरवड, कोरडी घासू नको, धूळ उडते. आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्यानं दोनदा पुसून घे, फडकी टाकून दे. हे होईपर्यंत तात्पुरता उपाय म्हणजे सुटलेले पोपडे ओल्या कपड्यानं काढून टाकायचे आणि दिवाण किंवा कपाट त्या भिंतीला सरकवायचं, भिंत दिसली नाही की अर्धं काम होतं.

टीव्ही युनिटचं बघ, तुझे पैसे तुझी हौस, मी कोण नाही म्हणणारी. पण तू हॉलचं जे वर्णन केलंयस त्यात मला एक गोष्ट कुठेच सापडली नाही, ती म्हणजे जेवायची जागा. सोफा आहे, टीव्ही आहे, दिवाण आहे, सायकल आहे (हॉलमधे सायकल, डोंबिवलीकरांनाच कळेल), तुळशीची कुंडी आहे, वॉशिंग मशीनचा बॉक्स आहे अजून, आणि जेवताना कोण कुठे? मुलगा सोफ्यावर मोबाईल घेऊन, छोटी घरभर फिरतेय आणि तू वाटी घेऊन तिच्या मागे, सासूबाई साडेसातला मालिका बघत, तू ओट्यापाशी उभ्या उभ्या, नवरा दहाला आल्यावर. पाच माणसं आणि पाच ठिकाणी जेवण. मुलानं काय बघून जेवायला शिकायचं?

म्हणून सजावटीचं पहिलं काम हे. तो वॉशिंग मशीनचा बॉक्स भंगारवाल्याला दे. त्या कोपऱ्यात एक सतरंजी अंथर, त्यावर बुटका चौरंग नाहीतर घडीचं टेबल, भिंतीला टेकवून ठेवता येईल असं. पाट असतील तर उत्तम, सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना छोटं स्टूल. वर एक पिवळा बल्ब, पांढरी ट्यूब नको, जेवणाचा रंग त्यात मेल्यासारखा दिसतो. बास, झाली डायनिंग रूम. चार्जिंगचा बोर्ड मात्र तिथे नसावा, मोबाईल बेडरूममधे चार्जिंगला लावायचे, सगळ्यांचे, तुझा पण.

आणि मुलांना भिंतीवर काढायची हौस असेल, तर प्लायवुडचा नाहीतर जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा गेरूनं रंगवून त्यांच्या उंचीला टेकवून ठेव, तांदळाची पिठी पाण्यात कालवून थोडा डिंक घालून दे आणि काडीनं वारली काढायला लाव, त्रिकोण, गोल, रेघा, तीन वर्षांचं पोरगं पण काढतं. पुसून परत गेरू मारता येतो. पालघर-डहाणूकडे घराच्या भिंतींवर हेच करत आलेत, तू तर तिकडच्याच जिल्ह्याची शेजारीण. नणंदेला दाखवायला वॉलपेपरपेक्षा हे जास्त भाव खाऊन जाईल बघ.

आता खाणं. अमेरिकेतल्या एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक वाटणी सांगितलीये, मला ती फार पटते. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलानं. आपण नेमकं उलटं करतो, काय पाहिजे ते मुलाला विचारतो ("मॅगी करू का राजा?") आणि किती खायचं ते आपण कोंबतो.

"कधी" हे तुझ्या घरात सगळ्यात बिघडलंय. तूच लिहिलंस, सहाला दूध, त्यात दोन चमचे चॉकलेट पावडर, वर साखर, चार बिस्किटं, आणि साडेआठला जेवण. मधे वेफर्सचं पाकीट पण असतं कधीतरी. त्या पावडरच्या डब्यामागे घटकांची यादी असते, जे जास्त ते आधी लिहावं लागतं असा नियम आहे, साखर कितव्या नंबरवर आहे बघ. एक सपाट चमचा साखर म्हणजे साधारण 4-5 ग्रॅम, आणि दोन वर्षांपुढच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात, ती तुमच्याकडे संध्याकाळी सहालाच संपत येते. आणि हो, साखरेच्या जागी गूळ घातला की झालं हेल्दी असं समजू नकोस, आजकाल गुळाचं फारच स्तोम आहे, दाताला आणि पोटाला दोन्ही सारखंच.

तर संध्याकाळचं खाणं पाचला आण आणि खरंखुरं खाणं दे. गूळ-शेंगदाणे (थोडा गूळ चालतो गं, स्तोम नको म्हटलं), उकडलेलं अंडं, राजगिऱ्याचा लाडू, मुगाचं धिरडं, फोडणीची मटकी, दडपे पोहे लिंबू पिळून, पेरूच्या फोडी. छोटीला अख्खे शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं द्यायची नाहीत, घशात अडकतात, कूट करून नाहीतर चिरून. मग साडेसात-पावणेआठला जेवण. मधे फक्त पाणी. रडारड होईल, पहिले चार-पाच दिवस तर नक्कीच होईल, होऊ दे. जेवायला बसल्यावर पानात तीन गोष्टी वाढ, त्यातली एक तरी त्यांना आवडणारी, घास-घास वाढ आणि वीस-पंचवीस मिनिटांत पान उचल, खाल्लं तर खाल्लं, न बोलता. नवीन पदार्थ मुलं पहिल्यांदा थुंकतातच, दहा-पंधरा वेळा पानात दिसावा लागतो तेव्हा कुठे हात घालतात. आपण तिसऱ्यांदा "त्याला नाही आवडत" म्हणून सोडून देतो.

दुधाची बाटली. तीनच्या पोरीला बाटली नकोच आता, कपानं प्यायचं. रात्री झोपेत बाटली तोंडात ठेवून दूध साखळतं आणि पुढचे दात किडतात, समोरच्या दातांवर पांढरे-पिवळे डाग आहेत का ते उजेडात नीट बघ, असतील तर दातांच्या डॉक्टरांकडे पण एक चक्कर. आधी दुपारची बंद कर, मग संध्याकाळचं दूध कपात, शेवटी रात्रीची. रात्रीच्या बाटलीत रोज थोडं पाणी वाढवत ने, आठवड्याभरात नुसतं पाणी उरलं की तिचं तीच सोडते बहुतेक वेळा, नाही सोडली तर दोन-तीन रात्री जागून काढायच्या, शनिवार-रविवार धरून, आणि त्यात नवऱ्याची पाळी लावायची. एकूण दूध-दही मिळून दिवसाला 400-500 मिलीच्या वर नको.

(नवऱ्यावरून आठवलं. चार पानी पत्रात त्याचा उल्लेख एकदाच आलाय, "ह्यांचं ऑफिस बीकेसीला आहे." अगं मग? बीकेसीहून माणसं शनिवारी घरी असतात. सीबीसीला घेऊन जायचं आणि घरमालकाशी बोलायचं ही दोन्ही कामं त्याला दे, त्यात आईचं दूध लागत नाही.)

लोह वाढवायला वेगळा बाजार करायला नको. बाजरी, नाचणी, राजगिरा, मटकी, हरभरे, तीळ, पालेभाज्या, खात असाल तर अंडी, मासे, मटण, मासे-मटणातलं लोह लवकर अंगी लागतं. सोबत काहीतरी आंबट पाहिजे, लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो, म्हणजे डाळी-भाज्यांतलं लोह नीट शोषलं जातं, पोह्यांवर लिंबू पिळायची आपली पद्धत उगाच नाहीये. नाचणीत लोह बेताचंच असतं, पण 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळे दूध कमी केलं की हाडांचं काय ही सासूबाईंची काळजी नाचणीचं सत्त्व, घावनं, भाकरी यांनी मिटेल. आणि मुलगा सकाळी चहा-पोळी खातो लिहिलंस, ते बंद, चहा लोहाला धरून ठेवतो आणि सातच्या पोराला चहा कशाला मुळात.

थालीपीठ एकदा माझ्या सांगण्यानं त्या चौरंगावर कर. दोन वाट्या भाजणी, मूठभर मेथी नाहीतर पालक अगदी बारीक चिरून, कांदा, तीळ, ओवा, हळद, तिखट नावाला, आणि गरम पाण्यानं सैल मळायचं. परात मुलांपुढे ठेव. ओल्या फडक्यावर गोळा ठेवून मुलाला थापू दे, वाकडंतिकडं होऊ दे, आणि मधे भोकं पाडायचं काम छोटीला, एक मधे आणि चार कडेला, ती पंधरा पाडेल, पाडू दे. तू फक्त लोखंडी तव्यावर टाकायचं, भोकांत तेल सोडायचं आणि झाकण ठेवायचं. ज्यानं भोकं पाडली तो खातोच, निदान आपलं भोक कुठंय ते शोधायला तरी. उरलेली दोन सकाळी डब्यात, चौकोनी तुकडे करून. डब्याचं बाकी फार डोकं लावू नकोस, शाळेत सुट्टी एवढुशी असते, त्यात अर्धा वेळ खेळण्यात जातो, त्यामुळे डबा कमी भर, हातात धरून चार घासांत संपेल असा भर, पातळ भाजी आणि तीन पोळ्या असा डबा परत येणारच.

सासूबाई. त्यांच्याशी बिस्किटांवरून भांडू नकोस, जिंकणार नाहीस, आणि खरं सांगू का, दिवसभर दोन पोरं त्या सांभाळतात म्हणून तुझी नोकरी चालू आहे, मग संध्याकाळी थकल्यावर हाताला येईल ते त्या देणारच. घरात बिस्किटाचा पुडा नसेल तर देणार कुठून, म्हणून सामानाच्या यादीतून ते नावच काढ. आणि त्यांना काहीतरी सोप, म्हणजे "आई, तुमच्यासारखे अळिवाचे लाडू मला जमत नाहीत, थंडीत मुलांसाठी करता का" असं. अळीव लोहाला उत्तमच, नारळाच्या पाण्यात भिजवून खोबऱ्यात आळवलेले, छोटीला एक बारका लाडू पुरे. भाजणी त्यांच्याच हातची कर, मेतकूट पण. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" असं त्या म्हणतात ना, त्यांना म्हण, हो ना, मग तुमच्या वेळचंच करू या. आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट त्यांच्या हातात दे वाचायला, तू सांगितलेलं त्या ऐकणार नाहीत, डॉक्टरांचा कागद ऐकतील.

मालिकेची वेळ आणि जेवणाची वेळ एकच येत असेल तर जेवण पंधरा मिनिटं अलीकडे घ्या, मालिका बंद करायला लावू नकोस, म्हातारीची तेवढीच करमणूक आहे. मुलाचा मोबाईल मात्र एका झटक्यात बंद कर, हळूहळू कमी केल्यानं तो रोज नव्यानं भांडेल. एक दिवस कमी जेवेल, दुसऱ्या दिवशी पण कमी जेवेल, सातवीचं पोरगं नाही ते, सात वर्षांचं आहे, भूक लागली की येतंच.

राहिली नणंद. तिनं मागच्या वेळी काय काय बोललं ते तू शब्दनशब्द लिहिलंयस, म्हणजे लागलंय ते कळतंय. पण ती राहणार चार दिवस आणि भिंतीचं काम तोवर पुरं होईल असं मला वाटत नाही. अर्धी खरवडलेली भिंत बघून तिनं विचारलं तर सरळ सांग, ओल होती, काम काढलंय, छोटी पोपडे खात होती म्हणून. त्यावर ती काय बोलणार? आणि ती आली की त्या चौरंगावर सगळ्यांची पानं एकदम मांड, गरम पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा वेगळा, मुलांना बिनतिखटाचं, आणि वाढायला नवऱ्याला लाव.

रिपोर्ट आला की हिमोग्लोबिनचा आकडा मला कळव, आणि बाटली सुटली का ते पण.

तुझी,
मावशी